न कुजणारा दोरा

‘मत्स्य खात्यात नोकरी केली’ असं सांगितलं की समोरचा विचारतो, ‘म्हणजे रत्नागिरीला?’ नाही, नगर जिल्ह्यात, असं म्हटलं की तो हसतो. माझे सासरेही हसले होते. ‘आमच्याकडे पाहुण्याला तांब्या देताना निम्माच भरून देतात, तिथं तुम्ही मासे कशात सोडता?’ असं त्यांनी लग्नाच्या बैठकीत विचारलं होतं. मुलगी दिली, पण शंका गेली नाही.

तर आधी धंदा सांगतो. जिल्ह्यात जुने तलाव पुष्कळ. पावसाळ्यात ते भरले की त्यांत रोहू, कटला, मृगळ यांचं बी सोडायचं. बी म्हणजे बोटाच्या पेराएवढी पिल्लं. ती पाण्याच्या डब्यांत भरून ट्रकने आणायची. वाटभर हाताने डब्यातलं पाणी ढवळत बसायचं, कारण पाणी निपचित राहिलं की पिल्लं गुदमरतात. एकदा कोल्हारच्या अलीकडे ट्रकचं चाक बसलं आणि आम्ही तिघं रस्त्याच्या कडेला तीन तास डबे ढवळत होतो. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटलं, ताक विकायला बसलेत. एक म्हातारी गडू घेऊनही आली.

या कामाचा मला अभिमान आहे. पण नोकरीचा दुसरा भाग होता सुधारणा पोचवण्याचा, आणि आज सांगायचं आहे ते त्यातलं.

श्रीगोंद्याच्या बाजूला एक जुना तलाव माझ्याकडे होता. काठावर भोई लोकांची पंचवीस-तीस घरांची वस्ती. आम्ही सगळे त्याला नुसतं ‘तळं’ म्हणायचो. वस्तीवर तोपर्यंत सुती जाळी आणि सुती दोऱ्याचे गळ चालत. सुती जाळ्याचे लाड फार. बाभळीच्या सालीच्या काढ्यात ते उकळायचं, उन्हात वाळवायचं, आणि एवढं करूनही दोन वर्षांत ते हातात फाटून यायचं. माझ्या नेमणुकीच्या सुमारास नायलॉन आलं. ते सवलतीत वस्तीवर पोचवणं हे माझं काम. मी ते झपाटल्यासारखं केलं.

मी एक प्रयोग केला होता. सुती आणि नायलॉन दोऱ्याचा एकेक तुकडा गढूळ पाण्याच्या घागरीत घालून घागर वस्तीच्या पारावर ठेवली. दोन महिन्यांनी सगळ्यांना बोलावून दोन्ही तुकडे बाहेर काढले आणि दोन दांडग्या गड्यांना ओढायला लावले. सुती दोरा पचकन तुटला. नायलॉनचा तुटला नाही, उलट ओढणाऱ्याच्या तळव्यात रुतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर मागून एक बाई बोलली. कौसाबाई. चाळिशीची, नवरा वारलेला, जाळं विणण्यात तिचा हात धरणारं वस्तीत कोणी नव्हतं.

‘सायेब, ह्यो दोरा कुजत न्हाई म्हंता?’

‘अजिबात कुजत नाही.’

‘मंग तुटल्यावर जातो कुठं?’

बाप्ये हसले. मीही हसलो. ‘पाण्यात जातो, कौसाबाई. आणखी कुठं?’

‘पान्यात ऱ्हातो म्हना,’ ती म्हणाली आणि उठून गेली.

दोन वर्षांत वस्तीवर सुती दोरा औषधालाही उरला नाही. मासळी वाढली, घरांवर पत्रे आले, माझ्या कामाची वरपर्यंत तारीफ झाली. गळाचा दोरा बुडातल्या खोडाला अडकला की लोक तो तोडून मोकळे होत. दोरा पुष्कळ होता, सवलतीत मिळत होता.

पहिला पक्षी मला सापडला तो बगळा. बांधाच्या दगडांत फडफडत होता. पायाला दोऱ्याचे वेढे, दुसरं टोक दगडात. मी मासे हाताळणारा माणूस. ओढलं की सुटतं, एवढंच मला ठाऊक. एका हाताने त्याला छातीशी घट्ट आवळून धरलं आणि दुसऱ्याने दोरा ओढला. दोरा मांसात गेला. दोन मिनिटांत बगळ्याची मान माझ्या मनगटावर पडली. मला वाटलं, घाबरून मेला. त्याला तिथेच दगडाखाली पुरला आणि कोणालाही काही बोललो नाही.

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. तो नगरकडच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. तळं आटत आटत मधल्या डबक्यावर आलं. तळ्याच्या पोटात बाभळींचं एक बेट होतं. एरवी त्याचे शेंडेच पाण्यावर दिसायचे, आता झाडं बुंध्यापर्यंत उघडी पडली. एका सकाळी बांधावरून पाहिलं तर त्या बाभळी चमकत होत्या. फांद्याफांद्यांवर, खोडाखोडांवर दोरा. मी आणलेला, इतक्या वर्षांत तुटलेला, पाण्याने झाकून ठेवलेला सगळा दोरा. आणि आसपासची सगळी तळी कोरडी पडल्यामुळे मुलखातले पक्षी त्याच डबक्यावर उतरत होते.

मासेमारी बंद पडली होती. तळ्यातच दुष्काळी काम निघालं होतं, गाळ काढण्याचं. वस्तीतली माणसं आधी ज्या जागी गळ टाकायची, तिथेच आता घमेली उचलत होती. कौसाबाई बायकांच्या टोळीची पुढारी होती.

एका रविवारी सकाळी ती माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. काखेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं मोठं काहीतरी, आणि त्यातून एक लांब पिवळी चोच बाहेर आलेली. चित्रबलाक होता. हे नाव मला पुढे कळलं, वस्तीवर त्याला करकोचाच म्हणत. चोचीखालच्या कातडीत गळ रुतलेला, त्याचा दोरा पायाभोवती आवळलेला. मान वरही उचलता येत नव्हती.

‘सायेब,’ ती म्हणाली, ‘तुमचा दोरा. तुमीच सोडवा.’

माझा हात पुढे होईना. बगळा आठवला. ‘थांब,’ म्हटलं, ‘शांतवनरावांना आणतो.’

शांतवनराव म्हणजे जनावरांच्या दवाखान्यातले ड्रेसर. बैलांची खांदेसूज आणि गाईंची अडकलेली वार यांत त्यांची हयात गेलेली. मी सायकल मारत गेलो तेव्हा ते देवळातून, म्हणजे त्यांच्या चर्चमधून, नुकतेच बाहेर पडत होते. अंगात पांढरा इस्त्रीचा सदरा. मी सांगितलं तसे ते सदरा न बदलता पकड, ब्लेड आणि आयोडिनची बाटली घेऊन मागे बसले.

‘आधी डोळे झाका त्याचे,’ आल्याआल्या ते म्हणाले. कौसाबाईने पदराच्या कोपऱ्याने पक्ष्याचे डोळे झाकले. इतका वेळ धडपडणारा पक्षी एकदम गप्प झाला. मग शांतवनराव मला म्हणाले, ‘अण्णा, तुम्ही पंखांवरून धरा. छाती मोकळी सोडा.’

‘का?’

‘पक्ष्याचा श्वास छाती हलते तोवर. आवळली की गेला.’

मी हात पंखांवर सरकवले. मी त्यांना बगळ्याचं सांगितलं. कौसाबाई ऐकत होती. शांतवनरावांनी पकडीचं तोंड पुसलं.

‘आता कळलं ना? मग नीट धरा,’ ते म्हणाले.

त्यांनी गळ ओढला नाही. गळाच्या टोकाला उलटा काटा असतो, तो आला त्या वाटेने परत जात नाही, मांस फाडतो. त्यांनी गळ हलकेच पुढे ढकलला. काटा कातडीतून बाहेर आला तेव्हा तो पकडीने तोडला, आणि उरलेला दांडा सहज मागे घेतला. पायाचे वेढे मात्र ब्लेडने एकेक करून कापावे लागले. वरचे चार दिसत होते, आत कातडीत आणखी तीन होते. मधेच चोचीचा एक तडाखा बसून शांतवनरावांच्या सदऱ्यावर आयोडिन सांडलं. ‘बायको मला उपाशी ठेवणार आज,’ ते म्हणाले, आणि कौसाबाई पहिल्यांदा हसली.

पक्ष्याला दोन दिवस कोंबड्यांच्या डालग्याखाली ठेवला. तिसऱ्या सकाळी तळ्याकाठी नेऊन डालगं उचललं. तो लंगडत पाच-सहा पावलं गेला, थांबला, आणि मग जड पंख मारत उठला. कामावरच्या बायका घमेली खाली ठेवून बघत राहिल्या.

एक सुटला. पण बाभळीवर अजून दोरा होताच. मी कामावरच्या ओव्हरसियरकडे गेलो. दोरा वेचायला टोळी द्या, म्हटलं. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या डोक्यावर हजार माणसांचं काम होतं.

‘अहो, इथं माणसं जगवायची पंचाईत, आणि तुम्ही पाखरं घेऊन आलात? मला गाळ मोजायला सांगितलंय. दोरा मोजायला नाही.’

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी परत फिरलो. त्या आठवड्यात मी एकटाच रोज थोडाथोडा दोरा वेचत होतो आणि ढीग काही कमी होत नव्हता.

मग गाळ काढता काढता काम बाभळींच्या जवळ सरकलं आणि एका बाईच्या पायात गळ घुसला. गंजलेला, गाळात दडलेला. ती किंचाळून खाली बसली. तिच्याजवळच्या बाईने पाय धरून गळ ओढायला घेतला, तेवढ्यात कौसाबाई ओरडली, ‘वढू नगं! फुडं ढकलायचा असतो!’ शांतवनरावांनी काढला होता तसाच, कामावरच्या पकडीने काटा तोडून, तिने स्वतः गळ काढला आणि त्या बाईला डॉक्टरकडे धनुर्वाताच्या सुईसाठी पाठवलं. मग तशीच ती ओव्हरसियरसमोर जाऊन उभी राहिली.

‘आज एक पाय. उद्या धा हुतील. आमच्यात कुनाच्या पायात पायताण हाय, दावा. आधी दोरा आन् गळ निघंल, मंग गाळ निघंल.’

ओव्हरसियरने बायकांच्या पायांकडे पाहिलं. सगळ्या अनवाणी. त्याने टोपी काढून पुन्हा घातली आणि म्हणाला, ‘आठ दिवस. पुढं गाळ, मागं गाळ, मधे तुमचा दोरा. बसवतो मी गाळाच्याच हजेरीत.’

ते आठ दिवस मी विसरणार नाही. बायका ओळीने उकिडव्या बसून बोटांनी गाळ चाचपत पुढे सरकायच्या. गळ पत्र्याच्या डब्यात टाकायचे, दोरा दाणे काढलेल्या कणसाच्या बुरकुंडावर गुंडाळायचा. दुपारपर्यंत प्रत्येकीच्या ओटीत अशी आठ-दहा बुरकुंडं जमायची. त्यांच्यातली एक रोज म्हणायची, ‘कनीस खायला न्हाई, निदान बुरकुंड तरी हातात हाय,’ आणि सगळ्या हसायच्या.

बाभळीचं बेट शेवटी राहिलं, कारण त्याच्याभोवती डबक्याचा ओला चिखल होता, माणूस गिळेल असा. आणि झाडात तीन पक्षी लटकले होते. एक पाणकावळा मेलेला. दुसरा पाणकावळा आणि एक रातबगळा जिवंत होते, मधूनमधून फडफडत होते.

ओव्हरसियरने कामावरच्या झोपडीच्या बांबूच्या तट्ट्या दिल्या. त्या चिखलावर एकापुढे एक टाकत मी आणि कौसाबाई निघालो. माझ्या हातात मेंढके पाला तोडायला वापरतात ती लांब आकडी. रातबगळ्याचा दोरा कापला, कौसाबाईने त्याला पदरात झेलला. पाणकावळा जरा वर होता. मी टाचा उंचावून आकडी लांबवली, तट्टी कलंडली, आणि मी कमरेपर्यंत चिखलात गेलो.

पाय खाली कशालाच लागेना. मी हात मारू लागलो.

‘हालू नगा!’ कौसाबाईचा आवाज करडा होता. ‘जितकं हालाल तितकं आत जाल. आडवं व्हा. पान्यावर पडत्यात तसं पडा मागं.’

चिखलावर पाठ टेकायला माणसाला फार धीर लागतो. तिने रातबगळा मागून तट्ट्यांवर आलेल्या एका बाईच्या हाती दिला, पालथी पडून आकडीचा दांडा माझ्याकडे सरकवला, आणि तिच्यामागच्या बायकांनी तिचे पाय धरून ओढायला सुरुवात केली. मी तट्टीवर आलो तेव्हा एक वहाण, चष्मा आणि सरकारी अब्रू चिखलात राहिली होती. मला वाटलं, आता परत जायचं. कौसाबाई उठून बसली, तोंडावरचा चिखल पुसला आणि म्हणाली, ‘त्यो काळा ऱ्हायला की अजून.’

तिनेच तो काढला. पाणकावळ्याने तिच्या मनगटाचं चांगलं सालटं काढलं आणि सुटल्यावर तो उडून थेट डबक्यात पडला, बुडी मारली आणि वीस हातांवर वर आला. उरलेला दोरा सोडवल्यावर रातबगळाही काठावरून उडाला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बेटावर नजरेला पडेल असा दोरा राहिला नाही.

पुढच्या साली पाऊस झाला, तळं भरलं, मी पुन्हा बी सोडलं. पण आता मी एक कायदा केला, जो कुठल्याही परिपत्रकात नव्हता. नवा दोरा हवा असेल तर जुना, तुटका परत आणायचा. अडकलेला दोरा नुसता तोडायचा नाही, बुडी मारून सोडवायचा. जमलेल्या दोऱ्याला पीळ घालून कौसाबाईने बाजा विणून दाखवल्या. त्यामुळे पुढे मला फार सांगावं लागलं नाही. लोक दुसऱ्याचाही दोरा उचलून आणू लागले.

अडचण झाली ती बाहेरच्या गिऱ्हाइकाची. नगरच्या कॅम्पाकडून एक निवृत्त फौजी गृहस्थ रविवारी मोटरसायकलवर येत. पिळदार मिशा, गळाची परदेशी छडी, डोक्यावर खाकी हॅट. मासा लागला की तो मोठ्या मनाने पुन्हा सोडून देत, पण गुंतलेला दोरा कापून तिथेच टाकत. मी परवाना दाखवा म्हटलं, त्यांनी दाखवला. मी दोरा उचला म्हटलं, तर म्हणाले, ‘मी सीमेवर चाकरी केली आहे. कचरा वेचायला शिकवू नका.’

मी परवाना परत दिला आणि वळलो. कौसाबाई नाही वळली. ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली, मनगट पुढे केलं आणि पाणकावळ्याच्या चोचीची खूण दाखवली. मग सगळी हकिगत सांगितली, माझा चिखलात पडण्याचा भाग जरा जास्तच रंगवून. गृहस्थ ऐकत होते. हकिगत संपल्यावर ते उठले, बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरून स्वतःचा दोरा शोधू लागले. तो सापडायला अर्धा तास लागला. पुढच्या खेपेला ते हॅटमध्ये दुसऱ्यांचाही दोरा घेऊन आले आणि माझ्यापुढे धरून म्हणाले, ‘रिपोर्टिंग.’

आमच्या जिल्ह्याच्या साहेबांच्या कानावर हे गेलंच. ते पाहणीला आले तेव्हा बाभळीचं बेट पक्ष्यांनी पांढरं झालं होतं.

‘तुमची नेमणूक मासे वाढवायला आहे की मासे खाणारे वाढवायला?’ त्यांनी विचारलं.

जाळं घेऊन निघालेली कौसाबाई थांबली. ‘सायेब, जाळं कुठं टाकायचं ते आमी पाखरांकडं बघून ठरवतो. ती जितं बसत्यात तितं मासा. ती गेली तर आमचं डोळं गेलं.’

साहेबांनी बेटाकडे पाहिलं. शेऱ्यात त्यांनी लिहिलं, ‘तुटका दोरा परत घेण्याची पद्धत उपयुक्त वाटते.’ पक्ष्यांबद्दल एक अक्षर लिहिलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी वादळी वारा सुटला. पावसाळ्यात बगळ्यांनी आणि पाणकावळ्यांनी बाभळींवर घरटी केली होती. पिल्लं उडून गेली होती, रिकामी घरटी वाऱ्याने पडून पाण्यावर तरंगत काठाला लागली. कौसाबाईने मला बोलावणं पाठवलं. गेलो तर ती काठावर बसून एक घरटं उसवत होती.

‘हे काय?’

‘पाखरू घरट्याला दोरा बी उचलतं, सायेब. काडीसारकाच त्यो त्याला. दुष्काळाच्या आधी अशीच पडल्याली घरटी बघितली व्हती मी. निम्मा दोराच व्हता. एकात पिल्लू व्हतं, पायाला गाठ बसल्यालं. तवा कुनाला सांगितलं न्हाई.’

मी तिच्या समोर बसलो. एक घरटं माझ्याकडे ओढून घेतलं. आम्ही दोघं एकेक काडी काढून बाजूला ठेवत होतो. बाभळीच्या काटक्या, वाळलं गवत, पिसं, लव्हाळ्याचा गुंता. पहिल्यात दोरा नव्हता. दुसऱ्यात नव्हता. तिसरं मोठं होतं, पाणकावळ्याचं, त्यातही नव्हता. चौथ्याच्या तळाशी कौसाबाईचं बोट थांबलं. तिने वीतभर तुकडा बाहेर काढला, उन्हात धरून पाहिला.

‘एकच,’ ती म्हणाली.

तो तिने कनवटीला खोचला, हात झटकले, आणि आम्ही पाचवं घरटं घेतलं.